पेटीवरचे आकडे आणि खोलीतला आवाज

दिवाळीच्या सुमारास कर्जत किंवा खोपोलीच्या बाजारात टीव्ही विकणाऱ्या दुकानात शिरले, की एका भिंतीशी 'होम थिएटर'च्या पेट्या रचून ठेवलेल्या दिसतात. एका पेटीवर ५.१ असे छापलेले असते, दुसरीवर ७.१, तिसरीवर ५.१.२. शेजारी डॉल्बी डिजिटल, डीटीएस, ॲटमॉस अशी नावे. आकडा वाढला की किंमतही वाढते. शिक्षकाच्या घरात अशी खरेदी पुष्कळ वर्षांतून एकदा होते, आणि शाळेच्या दृक्‌श्राव्य खोलीसाठी तर कोणी देणगी दिली तरच. म्हणून या आकड्यांचा आणि नावांचा अर्थ काय, आणि आपल्या खोलीत त्यांपैकी काय उपयोगी पडेल, हे पैसे मोजण्याआधी समजून घेणे बरे. त्यासाठी लागणारे बहुतेक विज्ञान माध्यमिक शाळेच्या पुस्तकांत आहे : ध्वनीचा वेग, परावर्तन, शोषण आणि दोन चलांतील समीकरणे.

दोन कान, सगळ्या दिशा

आपल्याला कान दोनच, तरी डोळे मिटून बसल्यावरही हाक कोणत्या बाजूने आली हे कळते. हाक उजवीकडून आली, तर ती उजव्या कानात आधी पोहोचते आणि डाव्या कानात थोडी नंतर. दोन कानांत सरळ रेषेत सुमारे २० सेंटिमीटर अंतर धरले आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर हा उशीर ०.२ ÷ ३४०, म्हणजे सुमारे ०.०००६ सेकंद येतो. मेंदू एवढा सूक्ष्म फरक टिपतो. शिवाय उच्च वारंवारतेच्या आवाजाला डोके आडवे येते, त्यामुळे पलीकडच्या कानात तो क्षीण होऊन पोहोचतो. उशीर आणि क्षीणता या दोन खुणांचा मेळ इंग्लंडमधील भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडला. पुढचा आवाज आणि मागचा, वरचा आणि खालचा यांतला फरक कळायला मात्र कानाच्या बाहेरच्या पाळीचे वळसे आणि मानेची हालचाल उपयोगी पडतात.

यावर वर्गात एक सोपा प्रयोग करता येतो. बागेला पाणी घालण्याची दीड-दोन मीटर लांबीची नळी घ्या. तिच्या बरोबर मध्यावर खडूने खूण करा. एका मुलाने नळीची दोन टोके दोन्ही कानांजवळ धरावीत (कानात घालू नयेत) आणि नळी पाठीमागून जाऊ द्यावी. दुसऱ्याने पेन्सिलीने नळीवर हलकेच टिचकी मारावी. खुणेवर टिचकी मारली तर आवाज मधून आल्यासारखा वाटतो. खुणेपासून तीन सेंटिमीटर उजवीकडे मारली, तर एका बाजूचा मार्ग तीन सेंटिमीटरने कमी होतो आणि दुसऱ्या बाजूचा तेवढाच वाढतो. एकूण फरक सहा सेंटिमीटरचा, म्हणजे वेळेत ०.०००१८ सेकंदाचा. एवढ्यावरूनही बहुतेक मुले बाजू अचूक सांगतात. होम थिएटरचा सगळा खेळ या क्षमतेवर चालतो. पडद्यावरचा पाऊस खोलीत पडत नसतो. पाऊस पडला असता तर दोन कानांत जे फरक पोहोचले असते, ते स्पीकरांकडून निर्माण केले की मेंदू फसतो.

मधल्या स्पीकरची गरज

दोन स्पीकरांतून एकच आवाज सारख्या जोराने आला आणि आपण बरोबर मध्ये बसलो, तर तो आवाज दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेतून आल्यासारखा भासतो. याच तत्त्वावर ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पण या भासाला एक मर्यादा आहे. आपण अर्धा मीटर बाजूला सरकलो की जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोहोचतो, आणि आधी आलेल्या आवाजाची दिशा हीच खरी दिशा असे मेंदू धरून चालतो. दुसरा आवाज साधारण तीस-चाळीस सहस्रांश सेकंदांच्या आत आला, तर तो वेगळा ऐकूच येत नाही, पहिल्यात मिसळून जातो. हेल्मुट हास यांनी १९४९ साली आपल्या प्रबंधात याचा अभ्यास केला.

चित्रपटगृहात सगळे प्रेक्षक मध्यरेषेवर बसू शकत नाहीत. म्हणून संवादांसाठी पडद्यामागे बरोबर मध्यावर वेगळा स्पीकर ठेवण्याची पद्धत पडली. घरीही हेच लागू आहे. पाच माणसांच्या कुटुंबात मध्यरेषेवर एकच जण बसतो. उरलेल्या चौघांना पात्राचे बोलणे पात्राच्या तोंडून ऐकू यायचे असेल, तर मधला स्पीकर हवा. ५.१ या आकड्यातील पाच स्पीकर म्हणजे पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला आणि मागच्या बाजूचे दोन.

राहिला '.१'. हा स्पीकर फक्त खर्जाचा, सुमारे १२० हर्ट्‌झपर्यंतचा. आवाजाच्या पूर्ण पट्ट्याचा लहानसा भागच तो वाजवतो, म्हणून तो पूर्ण 'एक' मोजत नाहीत. आपल्याकडे त्याला वूफर म्हणतात. ८० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी ३४० ÷ ८०, म्हणजे सव्वाचार मीटर असते. एवढ्या लांब तरंगापुढे वीतभर डोके म्हणजे काहीच नाही, त्यामुळे दोन कानांत फारसा फरक पडत नाही आणि दिशा कळत नाही. म्हणून वूफर एक पुरतो आणि तो खोलीत बराचसा कुठेही ठेवता येतो.

दोन समीकरणे, चार अज्ञाते

'शोले' १९७५ साली प्रदर्शित झाला. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो ७० मिलिमीटरच्या पट्टीवर स्टिरिओफोनिक ध्वनीसह दाखवला गेला. नाणे पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक खुर्चीखाली पाहत, अशी आठवण अजून सांगितली जाते. ७० मिलिमीटरच्या पट्टीवर सहा चुंबकीय ध्वनिरेषांना जागा असे, पण ती पट्टी फार महाग. नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर जेमतेम दोन प्रकाशीय रेषा मावत. त्या दोन रेषांत डावा, उजवा, मधला आणि मागचा असे चार आवाज बसवण्याची युक्ती डॉल्बी कंपनीने १९७०च्या दशकाच्या मध्यास बाजारात आणली.

युक्ती बीजगणिताची आहे. प्रत्यक्षात त्यात आणखी बारकावे असतात, पण गाभा असा : मधला आवाज म आणि मागचा प मानू. पहिल्या रेषेवर म + प नोंदवा आणि दुसरीवर म − प. दोन्हींची बेरीज केली की २म मिळते, वजाबाकी केली की २प. दोन रेषांतून दोन आवाज अगदी निर्भेळ वेगळे झाले. पण आपल्याला डावा ड आणि उजवा उ हेही हवे आहेत. आता पहिल्या रेषेवर ड + म + प आणि दुसरीवर उ + म − प असते. बेरीज येते ड + उ + २म, आणि वजाबाकी ड − उ + २प. मधल्या स्पीकरमध्ये डावा-उजवा घुसला आणि मागच्यातही घुसला. समीकरणे दोन आणि अज्ञाते चार असल्यावर निर्भेळ उत्तर मिळणार कसे? १९८७ साली घरांसाठी आलेल्या डॉल्बी प्रो लॉजिक पद्धतीत यावर एक तोड काढली होती : त्या क्षणी कोणत्या दिशेचा आवाज प्रबळ आहे हे पाहायचे आणि इतर दिशांत झिरपलेला त्याचा अंश दाबून टाकायचा. गोंगाटात एकच माणूस बोलत असला तर हे छान जमते. चारही दिशांनी एकदम आवाज आले की मात्र गोंधळ उडतो.

हा इतिहास आजही कामाचा आहे. स्वस्तातल्या अनेक '५.१' संचांना फक्त दोन वाहिन्यांची पिन किंवा ब्लूटूथ असते. ब्लूटूथवरून नेहमीच्या पद्धतीने दोनच वाहिन्या येतात. असा संच पाच स्पीकर वाजवतो खरा, पण आत आलेले आवाज दोनच असतात. तेच वाटून दिलेले असतात. पेटीवरचा आकडा स्पीकरांची संख्या सांगतो, आवाजांची नव्हे.

आकड्यांत मांडलेला आवाज

डिजिटल पद्धतीत ही अडचण सुटली. प्रत्येक वाहिनी आकड्यांच्या वेगळ्या रांगेत मांडता येते. सेकंदाला ४८ हजार नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट धरले, तर एका वाहिनीला सेकंदाला ७,६८,००० बिट लागतात. सहा वाहिन्यांना ४६,०८,०००. डॉल्बी डिजिटलमध्ये डीव्हीडीवर या सहांसाठी जास्तीत जास्त ४,४८,००० बिट मिळत. म्हणजे दहा भागांतले नऊ भाग टाकून द्यायचे!

काय टाकायचे हे कानाच्या मर्यादेवरून ठरते. पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना घाट चढण्यासाठी कर्जत स्थानकात मागून इंजिने जोडतात. ती इंजिने फलाटाला लागून धडधडत असताना शेजारच्याची कुजबुज ऐकू येत नाही. मोठ्या आवाजाखाली त्याच्या जवळच्या वारंवारतेचे लहान आवाज झाकले जातात. जे ऐकूच येणार नाही ते कशाला साठवायचे, हा या पद्धतीचा विचार. १९९२च्या 'बॅटमन रिटर्न्स'पासून चित्रपटगृहांत डॉल्बी डिजिटल आले. १९९३च्या 'ज्युरासिक पार्क'बरोबर डीटीएस आले. त्यात ध्वनी चित्रपटाच्या पट्टीवर नसून वेगळ्या तबकडीवर असे, आणि पट्टीवर फक्त वेळेच्या खुणा असत. डीव्हीडीवर डीटीएसला सेकंदाला सुमारे १५ लाख किंवा त्याच्या निम्मे बिट मिळत. पण दोन्ही पद्धतींची काटकसर करण्याची रीत वेगळी आहे. म्हणून बिट तिप्पट म्हणजे आवाज तिप्पट चांगला, असा हिशेब चुकीचा ठरतो.

ब्लू-रे तबकडीवर जागा भरपूर, त्यामुळे तिथे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या पद्धती आल्या. यांत काहीच टाकून दिलेले नसते. आकडे घट्ट बांधून ठेवतात आणि वाजवताना जसेच्या तसे सोडवतात. या दोघींतून अखेरीस तेच आकडे बाहेर पडत असतील, तर कोणती चांगली हा वाद उरतच नाही.

वाहिनीऐवजी वस्तू

कर्जतजवळ नितीन देसाई यांनी २००५ साली एन. डी. स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर' (२००८) सारख्या चित्रपटांचे भव्य देखावे तिथे उभे राहिले. अशा देखाव्यात चित्रीकरण होते, तेव्हा मायक्रोफोन नटाचे बोलणे टिपतो. ते बोलणे प्रेक्षकाला डावीकडून ऐकू यावे की मागून, हे नंतर ध्वनिमिश्रणाच्या खोलीत ठरते. जुन्या पद्धतींत 'हा आवाज मागच्या डाव्या स्पीकरला द्या' असे तिथेच कायमचे ठरून जाई. २०१२ साली आलेल्या डॉल्बी ॲटमॉसने यात बदल केला. त्यात काही आवाज 'वस्तू' म्हणून साठवतात. आवाज आणि त्यासोबत त्याची जागा : इतका डावीकडे, इतका मागे, इतका उंच. आपल्या ॲम्प्लिफायरला आपले स्पीकर कुठे आहेत हे ठाऊक असते, आणि त्यावरून कोणत्या स्पीकरने किती वाजावे हे तो जागच्या जागी काढतो. २०१५ साली आलेल्या डीटीएस-एक्समध्येही हाच विचार आहे. ५.१.२ मधला शेवटचा आकडा उंचीच्या स्पीकरांचा : छताला लावलेल्या, किंवा खाली ठेवून छताकडे आवाज फेकणाऱ्या.

आवाज वाटेत कुठे अडतो

पेटीवर कितीही नावे असली, तरी कानांपर्यंत तेवढेच पोहोचते जेवढे मूळ चित्रपटात आहे आणि वाटेतली प्रत्येक कडी जाऊ देते. १९८०च्या दशकातले बहुतेक मराठी चित्रपट एकाच वाहिनीत ध्वनिमुद्रित झालेले आहेत. ते नऊ स्पीकरांवर लावले तरी त्यात मागचा आवाज नाही. इंटरनेटवरून चित्रपट पुरवणाऱ्या सेवा बहुवाहिनी ध्वनी बहुधा डॉल्बी डिजिटल प्लस या काटकसरी पद्धतीत पाठवतात, आणि ॲटमॉसच्या वस्तूही त्यातूनच येतात. म्हणजे ज्यांच्या घरी ब्लू-रे तबकड्या नाहीत, त्यांनी ट्रूएचडीसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

टीव्हीपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची तारही पाहावी. प्रकाशीय तारेतून दोन निर्भेळ वाहिन्या किंवा काटकसरीचे ५.१ जाते, त्याहून जास्त नाही. टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या एचडीएमआय खाचेतून डॉल्बी डिजिटल प्लस जाऊ शकते. निर्भेळ बहुवाहिनी ध्वनीसाठी 'ईएआरसी' लागते. काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत. दुकानदाराला विचारायचा प्रश्न 'डीटीएस आहे का?' एवढाच नसावा. 'माझ्या टीव्हीतून ते इथपर्यंत येईल का?' असे विचारावे आणि जमल्यास समोर वाजवून घ्यावे.

छप्पर, भिंती आणि पाऊस

आता शेवटची आणि सर्वांत दुर्लक्षित कडी : खोली. माथेरानच्या एको पॉइंटवर हाक मारली तर प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो, कारण समोरचा कडा दूर आहे. प्रतिध्वनी वेगळा कळायला साधारण ०.१ सेकंद लागतो, म्हणजे कडा निदान १७ मीटरवर हवा. चार मीटरच्या खोलीत परावर्तन त्यापेक्षा फार लवकर येते. ते वेगळे ऐकू येत नाही, पण शब्दांच्या कडा पुसट करते. कोंडाण्याच्या लेण्यात कातळात कोरलेल्या चैत्यगृहात उभे राहून बोलून पाहिले, तर दगड किती थोडा आवाज शोषतो ते कळते. गुळगुळीत गिलावा आणि फरशीची खोली याच जातीची. जाड पडदे, पुस्तकांची मांडणी, भिंतीवर दुपदरी गोधडी हे सगळे उच्च वारंवारतेचे आवाज शोषतात आणि संवाद स्पष्ट होतात. खर्ज मात्र यांना जुमानत नाही. पाच मीटर लांबीच्या खोलीत ३४० ÷ (२ × ५), म्हणजे ३४ हर्ट्‌झचा खर्ज घुमतो. वूफर कोपऱ्यात ठेवला तर तो आणखी फुगतो. दोन हात पुढे सरकवला की बराच सुधारतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

कर्जत-खालापूर पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा अधिक पाऊस पडतो, म्हणून पुष्कळ घरांची छपरे उतरती, कौलांची किंवा पत्र्याची असतात. ॲटमॉसचे वरच्या दिशेने आवाज फेकणारे स्पीकर सपाट छत गृहीत धरतात. आपात कोन आणि परावर्तन कोन समान असतात. छप्पर तिरके असले तर आवाज ऐकणाऱ्याकडे न येता भलतीकडे जातो, आणि कौलांवर किंवा नालीदार पत्र्यावर तो विखुरतो. अशा घरात ५.१.२चे दोन जादा स्पीकर शोभेचे ठरतात. उंचीचा आवाज हवाच असेल, तर स्पीकर वाशांना टांगून श्रोत्याकडे वळवावेत. त्यातही जुलैत पत्र्यावर कोसळणारा पाऊस साध्या बोलण्याची, म्हणजे सुमारे ६० डेसिबलची पातळी गाठतो, कधी ओलांडतो. त्याखाली मागच्या स्पीकरांतले बारीक आवाज झाकले जातात, आणि हात आवाज वाढवण्याकडे जातो. ८५ डेसिबल आठ तास ही कानांच्या दृष्टीने धोक्याची सीमा मानतात, आणि दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. शेजाऱ्यांचाही विचार हवा. भारतातील २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि भिंतीपलीकडे सर्वांत आधी पोहोचतो तो खर्ज.

तर मग काय घ्यावे?

खोपोलीतल्या सिमेंटच्या इमारतीत, सपाट छताची मध्यम खोली असेल, तर खरे ५.१ पुरेसे आहे. ज्यात एचडीएमआय एआरसी आणि डॉल्बीचा उलगडा करण्याची सोय आहे, असा संच घ्यावा. पुढचे दोन स्पीकर श्रोत्यापासून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर, मागचे सुमारे ११० अंशांवर ठेवावेत. कंपासपेटीतला कोनमापक आणि सुतळी यांनी हे मोजता येते. एक स्पीकर तीन मीटरवर आणि दुसरा एक मीटरवर असेल, तर दोन मीटरच्या फरकाने जवळचा आवाज जवळजवळ सहा सहस्रांश सेकंद आधी येतो. ॲम्प्लिफायरमध्ये अंतरे नोंदवली की तो जवळच्याला तेवढे थांबवतो. नंतर पैसे साठले आणि ॲटमॉसचे चित्रपट मिळू लागले, तर उंचीचे दोन स्पीकर जोडता येतात, मात्र ॲम्प्लिफायरमध्ये ती सोय आधीपासून हवी. खोली लहान असेल, मागे स्पीकर ठेवायला जागाच नसेल, तर पुढचे तीन आणि एक वूफर, म्हणजे ३.१ हे कोंबून बसवलेल्या ७.१पेक्षा सरस. उतरत्या छपराच्या घरात उंचीच्या आकड्याला किंमत देऊ नये.

शाळेच्या खोलीचे गणित आणखी वेगळे आहे. सहा मीटरच्या खोलीत शेवटच्या बाकावरचे मूल मागच्या स्पीकरपासून एक मीटरवर असते, तर पुढच्यांपासून पाच-सहा मीटरवर. मागचा आवाज त्याच्याकडे आधी आणि जोरात येतो, आणि धड्यातले शब्द त्याखाली दबतात. चाळीस मुलांसाठी पाच दिशांचा भास करण्यापेक्षा प्रत्येक शब्द शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट पोहोचणे महत्त्वाचे. देणगीचे पैसे पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या दोन चांगल्या स्पीकरांवर खर्च करावेत, ते मुलांच्या डोक्यांच्या वर टांगून किंचित खाली वळवावेत, आणि उरलेल्यांतून जाड पडदे घ्यावेत. खरेदीच्या आधी रिकाम्या खोलीत एकदा जोरात टाळी वाजवा. तिचा आवाज अर्ध्या सेकंदाहून जास्त रेंगाळत असेल, तर आधी पडदे, मग स्पीकर. टाळीची ही परीक्षा मुलांकडूनच करून घ्यावी. पडदे लावण्याआधी आणि लावल्यानंतर एकाच जागेवरून फळ्यावरचे वीस शब्द हळू आवाजात वाचावेत, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलांनी ऐकू आलेले शब्द वहीत लिहावेत. दोन्ही वेळच्या बरोबर शब्दांची संख्या शेजारी मांडली, की पैसे कुठे लावायचे याचे उत्तर मुलांच्याच वहीत मिळेल.